शेवटच्या वर्गाचा आठवडा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा लेखी मजकूर)



शिक्षणाच्या प्रश्नावर आपल्याकडे भाषणे पुष्कळ होतात आणि ठराव त्याहून अधिक होतात. राष्ट्रीय उत्पन्नाचा सहा टक्के भाग शिक्षणावर खर्च व्हावा, हे कोठारी आयोगाने १९६६ साली सांगितले. तेव्हापासून तो आकडा आपल्या प्रत्येक जाहीरनाम्यात विराजमान आहे. आज मी त्या आकड्याच्या वाटेला जाणार नाही. प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्गातले मूल एका आठवड्यात शाळेकडून नेमके काय घेऊन जाते, एवढ्याच गोष्टीचा हिशेब मला तुमच्यापुढे मांडावयाचा आहे.

आता शेवटचा वर्ग म्हणजे कोणता, हा पहिलाच पेच आहे. आपल्यापैकी जे चाळिशीच्या पुढे आहेत त्यांच्या लेखी प्राथमिक शाळा चौथीला संपत असे. पाचवीला मूल हायस्कुलात जाई. केंद्राचा शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला, १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला, आणि पहिली ते पाचवी ही प्राथमिक पायरी ठरली. महाराष्ट्रात मात्र पाचवीचे असंख्य वर्ग माध्यमिक शाळांतच राहिले. ते काढून घेतले तर तेथले शिक्षक अतिरिक्त ठरतात, आणि न काढावेत तर जिल्हा परिषदेची शाळा चौथीतच खुंटते. २०२० साली हे वर्ग प्राथमिक शाळांना जोडण्याचा आदेश निघाला, तरी ओढाताण संपली नाही. शिष्यवृत्ती परीक्षेचीही तीच गत. ती २०१६-१७ पासून चौथी-सातवीकडून पाचवी-आठवीकडे नेली, आणि २०२५ साली पुन्हा चौथी-सातवीकडे आणण्याचा निर्णय झाला. ज्या शासनाला आपल्या शाळेची शेवटची पायरी कोणती हे पंधरा वर्षांत निश्चित करता आले नाही, त्याने मुलांच्या निश्चित प्रगतीची पत्रके मागवावीत, हा विनोद शिक्षकांच्या खोलीतच शोभतो. मी कायद्याला प्रमाण मानून पाचवीविषयी बोलतो.

कायद्याचा हिशेब असा आहे. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस शाळा भरावी आणि किमान ८०० तास अध्यापन व्हावे. म्हणजे दिवसाला सरासरी चार तास, आणि सहा दिवसांच्या आठवड्याला चोवीस. आता त्याच कायद्याच्या परिशिष्टातील पुढची ओळ वाचा. ६० पर्यंत पट असेल तर शिक्षक दोन. वर्ग पाच, शिक्षक दोन. दोन शिक्षकांचे मिळून अठ्ठेचाळीस तास पाच वर्गांत समान वाटले, तर प्रत्येक वर्गाच्या वाट्याला आठवड्याला साडेनऊ तासांच्या किंचित वर येतात. पण समान वाटप कोणी करीत नाही, आणि करूही नये. पहिली-दुसरीची मुले लहान, त्यांना एक शिक्षक पूर्णपणे लागतो. तेव्हा दुसऱ्याकडे तिसरी, चौथी आणि पाचवी. चोवीस भागिले तीन, म्हणजे आठ तास. पाचवीला मराठी, गणित, इंग्रजी, हिंदी आणि परिसर अभ्यासाचे दोन भाग अशी सहा विषयपुस्तके धरली, तर एकेका पुस्तकाला आठवड्यातून एक तास वीस मिनिटे मिळतात. कला, खेळ, कार्यानुभव मी धरलेलेच नाहीत.

हा हिशेब कायदा मोडणाऱ्या शाळेचा नव्हे. कायदा तंतोतंत पाळणाऱ्या शाळेचा आहे. शिक्षक एकही दिवस रजेवर गेला नाही, पोषण आहाराच्या धान्याची नोंद त्याने मध्यरात्री केली, ऑनलाइन माहिती रविवारी भरली, असे गृहीत धरून हे आठ तास निघतात. दशवार्षिक जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका यांखेरीज अन्य अशैक्षणिक काम शिक्षकाला देऊ नये, असे कायद्याचे २७ वे कलम म्हणते. त्या कलमाची प्रत्यक्षातली अवस्था तुम्ही कोणत्याही शिक्षकाला विचारा. तो आधी हसेल.

मग उरलेल्या सोळा तासांत पाचवीचा वर्ग काय करतो? फळ्यावर खडूने दोन उभ्या रेघा ओढलेल्या असतात आणि तीन वर्गांचे तीन रकाने पाडलेले असतात. पाचवीच्या रकान्यात पाच उदाहरणे असतात. ती उतरवून सोडवायची. सोडवून झाली की लहानांना पाढे म्हणून दाखवायचे, चौथीच्या वह्या तपासायच्या, पहिलीतली भावंडे रडू लागली तर त्यांना बाहेर नेऊन आणायचे. मोठ्या मुलाने धाकट्याला शिकवावे ही आपल्या गावठी शाळांची जुनी रीत होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासेत अँड्र्यू बेल या स्कॉटिश गृहस्थाने ती पाहिली आणि मायदेशी नेली. तेथे ती गरिबांच्या मुलांना स्वस्तात शिकविण्याची पद्धत म्हणून गाजली. या पद्धतीची मी सरसकट निंदा करणार नाही. धाकट्याला हातचा समजावून सांगताना दहा वर्षांचे मूल पुष्कळ शिकते, हे मी वर्षानुवर्षे वर्गात उभा राहून पाहिले आहे. पण श्रीमंतांच्या शाळेत तिला कोणी हात लावीत नाही, एवढे ध्यानात असू द्या.

एक तास वीस मिनिटांत काय होते आणि काय राहून जाते, याचे एकच उदाहरण देतो. पाचवीच्या गणितात अपूर्णांक येतात, समच्छेद करणे येते, पुढे दशांश चिन्ह येते. हा विषय मराठी मुलाला सर्वांत सोपा वाटावा अशी आपल्या भाषेने तजवीज करून ठेवलेली आहे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच, औट ही नावे दुसऱ्या किती भाषांत इतक्या आटोपशीरपणे सापडतील? पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी मुखोद्गत करून घेत असत. त्या घोकंपट्टीचे गुणगान मला गायचे नाही; तिच्याबरोबर छडीही होती आणि बहुतेक जातींच्या मुलांना दाराबाहेर ठेवणारा उंबरठाही होता. पण आजही कापूस वेचणाऱ्या बाईची दहा वर्षांची मुलगी काट्याजवळ उभी राहून पावणेदोन किलोचे पैसे तोंडी सांगते. तीच मुलगी वर्गात तीनाखाली आडवी रेघ आणि त्याखाली चार पाहिला की 'तीन छेद चार' असे म्हणते आणि गप्प राहते. तो छेद म्हणजे तिचा पाऊण आहे, हे तिला कोणी सांगितलेले नसते. शिक्षकाला ते ठाऊक नसते असे नाही. पण पाऊण आणि तीन छेद चार यांच्यामध्ये जो पूल बांधावयाचा, त्याला एक सलग तास लागतो. भाकरी मोडून, दोरी दुमडून, तराजू आणून दाखवावे लागते, चुका करू द्याव्या लागतात. तीन रकान्यांच्या फळ्यापुढे तेवढी फुरसत नाही. म्हणून नियम सांगितला जातो, मुलगी तो उतरवून घेते, आणि काट्याजवळचे गणित व वहीतले गणित जन्मभर एकमेकांना ओळखीनासे होतात. पाचवीतल्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही, अशा बातम्या 'असर'चा अहवाल आला की झळकतात. २०२४ च्या पाहणीतही देशातील ग्रामीण सरकारी शाळांत पाचवीतली निम्म्याहून कमी मुले तो उतारा वाचू शकली. बातमी खरी आहे. तिच्यावरून शिक्षकाला झोडपणारा अग्रलेख मात्र फळ्यावरच्या त्या दोन रेघांचा उल्लेख करीत नाही.

या आठ तासांतही सर्व मुले सारखी वाटेकरी नसतात. १९८६ च्या शैक्षणिक धोरणातून जवाहर नवोदय विद्यालये निघाली. त्यांच्या सहावीतील प्रवेशाची परीक्षा पाचवीत असताना द्यावयाची असते, आणि विद्यालयागणिक जागा फार तर ऐंशी. बहुतेक ठिकाणी जिल्ह्याला विद्यालय एकच. योजना ग्रामीण मुलांसाठी आहे, तिच्यातून गुणी मुले वर आली आहेत, हे मी नाकारीत नाही. पण वर्गात तिचा परिणाम काय होतो तो पाहा. एखादे मूल लागले तर शाळेचे नाव होते, पालक खूष होतात, पट टिकतो. म्हणून होतकरू चार मुले पुढच्या ओळीत येतात. जादा तास त्यांचा, सरावाच्या पत्रिका त्यांच्या. मागच्या ओळीतली मुले आपोआप प्रेक्षक होतात. गावातल्या सगळ्या आळ्यांतली मुले एका सतरंजीवर बसण्याचे हे शेवटचे वर्ष. ऐपतीचा पालक पुढच्या वर्षी मुलाला तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत बसविणार असतो. त्या शेवटच्या वर्षातच सतरंजी दोन तुकड्यांत कापली जाते. आणि तीही शिक्षकाच्या सदिच्छेने, याचे मला अधिक दुःख आहे.

मागच्या ओळीत कोण असते? बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागांतल्या शाळांत दिवाळीच्या आसपास जा. आईबापांनी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता, आणि कोयत्यामागे लेकरे. काही मुले आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, तेवढी वाचतात. पाचवीतली मुलगी मात्र दहा-अकरा वर्षांची, म्हणजे कोपीवर धाकट्याला सांभाळण्याजोगी, पाणी आणण्याजोगी, भाकऱ्या थापण्याजोगी झालेली असते. पहिलीतला भाऊ मागे ठेवता येतो. तिला मागे ठेवणे परवडत नाही. ती परत येते तेव्हा मार्च उजाडलेला असतो. आठवड्याला आठ तास हा हिशेब तिच्यापुरता पुन्हा निम्म्यावर येतो.

आणि आता तिच्यासाठी परीक्षाही आहे. कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, महाराष्ट्राने २०२३ साली नियम बदलले, आणि पाचवीला व आठवीला वार्षिक परीक्षा आली. अनुत्तीर्ण झाल्यास दोन महिन्यांत पुनर्परीक्षा, त्यातही न जमल्यास त्याच वर्गात मुक्काम. परीक्षा असावी की नसावी यावर आपल्यातही दुमत आहे. 'ढकलगाडी'चा राग मला समजतो. ज्याला काहीच येत नाही त्याला पुढे ढकलणे ही दया नव्हे. परंतु ज्या मुलीला आपण अर्धे वर्ष शिक्षक दिला नाही आणि उरलेले अर्धे वर्ष तिसऱ्या रकान्यात बसविले, तिलाच नापास ठरवावे, आणि तो रकाना आखणाऱ्या शासनाला कोणी प्रश्नपत्रिकाही देऊ नये, हा न्याय मला मान्य नाही.

यावर शासनाचे उत्तर असे की लहान शाळा परवडत नाहीत. २० पेक्षा कमी पटाच्या चौदा हजारांहून अधिक शाळांची माहिती २०२२ साली मागविण्यात आली, आणि २०२३ साली त्यांच्या जागी समूह शाळांची कल्पना पुढे आली. मोठी शाळा, प्रत्येक वर्गाला शिक्षक, मुलांना आणावयास गाडी, असे तिचे चित्र आहे. चित्र वाईट नाही, आणि वर्गागणिक शिक्षक लागतो हे त्यात कबूल केले आहे, याची नोंद आपण घ्यावी. पण गाडी बंद पडली की काय होते हे वाड्यापाड्यांवर राहणाऱ्यांना विचारा. सर्वांत आधी घरी राहते ती हीच पाचवीतली मुलगी.

परवडत नाही हा युक्तिवाद नवा नाही. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगाला जे निवेदन दिले, त्यातला मुख्य दावाच असा होता की महसूल रयतेच्या घामातून येतो आणि खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो. बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे असावे अशी त्यांची मागणी होती. आणि त्यात त्यांनी वाचन-लेखनाबरोबर हिशेब, शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्यही घातले होते. काट्याजवळचे गणित आणि वहीतले गणित एक व्हावे, हेच त्यांच्या डोळ्यांपुढे असले पाहिजे. गोखल्यांनी १९११ साली केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक आणले, ते पुढल्या वर्षी फेटाळले गेले. पैशाची सबब तेव्हाही होतीच. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली ते करून दाखविले. संस्थान मोठे नव्हते आणि खजिना तर नव्हेच.

आता तुमच्याकडून माझी अपेक्षा सांगतो. आणखी एक मोर्चा काढा असे मी म्हणत नाही. मोर्चा नंतर निघेल. प्रत्येक प्राथमिक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिचे पाऊण सदस्य पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे कायदा सांगतो. आपल्या गावातल्या समितीत कोण आहेत, हे यादी न पाहता सांगू शकणारे या सभागृहात किती आहेत? त्या पालकांपैकी दोघींना बरोबर घ्या, मुख्याध्यापकांची संमती घ्या, आणि सोमवार ते शनिवार पाचवीच्या वर्गात मागे जाऊन बसा. हेरगिरी करावयास नव्हे. शिक्षकाला आधी स्पष्ट सांगा की हा हिशेब त्याच्या बाजूचा आहे. एक घड्याळ आणि एक वही पुरे. पाचवीपुढे शिक्षक किती मिनिटे उभा होता, कोणत्या विषयाला, किती वेळा त्याला उठून जावे लागले आणि कोणाच्या बोलावण्यावरून, बाजाराच्या दिवशी पट किती उतरला, कोण आले नाही व ते त्या दिवशी कोठे होते, एवढे लिहा. दहा गावांच्या अशा दहा वह्या झाल्या की ग्रामसभेपुढे, आणि मग जिल्हा परिषदेपुढे, वर्गाला एक शिक्षक ही मागणी घेऊन जाता येईल.

एक तारीख मात्र विसरू नका. शिक्षकांची पदे ३० सप्टेंबरच्या पटावर ठरतात, आणि ऊसतोडीच्या टोळ्या त्यानंतर निघतात. तेव्हा वह्या ऑगस्टअखेर पुऱ्या झाल्या पाहिजेत. आणि ज्या गावांतून टोळ्या निघतात तेथे दुसरी वही डिसेंबरात लिहावी लागेल, रिकाम्या जागा मोजण्यासाठी.