देवाला थांबवणारी सेवा



आजच्या निरूपणाला भक्तराज पुंडलिकाचं चरित्र घेतलंय. कथा तुम्हाला तोंडपाठ आहे, पण एक विचारतो. आपल्या जयघोषात आधी नाव कुणाचं येतं? विठ्ठलाचं नाही, पुंडलिकाचं येतं. पंढरीला गेल्यावर चंद्रभागेत स्नान झालं की वाळवंटात आधी कुणाचं दर्शन? पुंडलिकाचं. मग महाद्वार. देवाच्या आधी भक्ताचा मान, तो कशासाठी मिळाला? त्यानं यज्ञ केला नाही, तप केलं नाही. म्हाताऱ्या आईबापाचे पाय चेपत होता. एवढंच.

आणि हा पुंडलिक जन्मापासून असा होता का? नाही. कथेत येतं की काशीच्या वाटेवर स्वतः बायकोसह आरामात, आणि आईबाप पायी. कुक्कुट ऋषींच्या आश्रमात गंगा, यमुना, सरस्वती दिसल्या. मळलेल्या अंगानं येतात आणि त्या मातृपितृभक्ताच्या आश्रमात सेवा करून निर्मळ होऊन जातात. तिथं याचे डोळे उघडले. म्हणून आज ज्याला वाटतं आपण उशिरा जागे झालो, त्यानं घाबरू नये. पुंडलिकसुद्धा उशिराच जागा झाला.

आता मूळ मुद्द्यावर येऊ. कीर्तन संपलं की लोक भेटतात आणि मनातलं विचारतात. त्यातला एक प्रश्न अलीकडे फार येतो. "महाराज, वडिलांना प्रोस्टेटचा कॅन्सर आहे. हाडांत उतरलाय. रात्रभर कण्हतात. डॉक्टर मॉर्फिन द्या म्हणतात. ते अफूपासून करतात. वडील माळकरी, कधी सुपारीचं खांड तोंडात घातलं नाही. ते म्हणतात, माझा भोग मला भोगू द्या. आम्ही काय करावं?"

मायबाप हो, नीट ऐका. भूक हाही देहाचा भोगच आहे. मग बाप भुकेला असताना आपण म्हणतो का, भोगा म्हणून? ताट वाढतो. थंडी वाजली तर घोंगडी घालतो. मग दुखण्यालाच तेवढा भोग म्हणून दार का उघडायचं? भोग हा शब्द ज्याचं दुखतंय त्यानं स्वतःपुरता म्हणावा. पोरानं बापाला म्हणायचा तो शब्द नाही. पोराच्या वाट्याला एकच शब्द आलाय, सेवा.

अफूचं म्हणाल तर व्यसन कशाला म्हणतात? शुद्ध हरपावी म्हणून घेतलं ते व्यसन. शुद्ध राहावी, झोप लागावी, सकाळी उठून हरिपाठाला बसता यावं म्हणून वैद्यानं मोजून दिलं ते औषध. तीच सुरी खुन्याच्या हातात आणि तीच सर्जनच्या हातात. आपल्याच देशात मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्यानं अफू पिकते आणि तिच्यापासून औषधं होतात. अंमली पदार्थांचा कायदा १९८५ चा. त्याच्या धाकानं हे औषध मिळणं अवघड झालं होतं. २०१४ साली कायदा बदलला, तो अशाच रुग्णांची वाट मोकळी व्हावी म्हणून. कायद्याला कळलं, तर माळेला कळू नये?

बापाला एवढंच सांगा, "आबा, माळ तुटत नाही. वेदनेनं नाम तुटतंय, ते जोडायला हे औषध आहे."

आता सेवा कशी करायची? हा आजार पुढं गेला की बहुधा हाडांत जातो. कंबर, मणका, खुबा, बरगड्या. ही हाडं आतून कमजोर झालेली असतात. म्हणून पाठ तुडवायला नातवाला उभं करू नका. जोराची मालीश नको, हाडवैद्य नको. मोडेल. पुंडलिकानं पाय चेपले म्हणून तुम्ही जोर लावू नका. हलका हात फिरवा. कूस बदलताना दोघांनी मिळून अख्खं अंग एकदम वळवा, गुडघ्यांच्या मध्ये उशी ठेवा.

दुसरं, औषध घड्याळावर. काकडा देव जागा झाल्यावर करतो का आपण? वेळ झाली की उभे राहतो. तसंच हे. दुखायला लागल्यावर द्यायचं नाही, दुखणं यायच्या आधी द्यायचं. साधं मॉर्फिन बहुधा दर चार तासांनी असतं. किती आणि कधी ते डॉक्टर ठरवतील, आणि मध्येच कळ उठली तर जादा काय द्यायचं तेही आधीच विचारून ठेवा. या औषधानं पोट हमखास बांधतं, म्हणून पोट साफ व्हायचं औषध सोबत हवंच. पहिले दोनचार दिवस गुंगी वाटेल. पण हाक मारून जागे होत नसतील, श्वास फार मंद वाटला, तर लगेच डॉक्टर. मनानं वाढवू नका, एकदम बंदही करू नका. डबा कुलपात, पोरांच्या हाताला लागता कामा नये. आणि मेडिकलमधून मनानं दुखण्याच्या गोळ्या आणू नका. या आजारात लघवी अडते, मूत्रपिंडावर आधीच ताण असतो.

एकाच हाडाचं दुखणं असेल तर तिथं रेडिएशन देतात. आपल्याकडे "लाईट देणं" म्हणतात. कधी एका वेळेतही भागतं. विचारा.

आणि एक खूण काळजावर कोरून ठेवा. पाठीत नवी कळ, पाय लुळे पडले, मुंग्या आल्या, बधिर झाले, लघवी-संडास अडली किंवा कळेनाशी झाली, तर "वारा शिरला" म्हणून बसू नका. मणक्यातल्या नसेवर दाब आलेला असू शकतो. त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठा. उद्यावर टाकलं तर गेलेले पाय परत येत नाहीत.

आता बाप सांगतो का, किती दुखतंय ते? "दुखतंय का" म्हटलं की म्हणतो, "बरं हाय." पोराला त्रास नको म्हणून दात आवळून पडतो. त्यांना आण्यात विचारा. "आबा, सोळा आण्यातलं किती आणे दुखतंय?" मग म्हणतील बारा आणे. वहीत वेळ घालून लिहा. औषधानंतर पुन्हा विचारा, तेही लिहा. ती वही डॉक्टरपुढं ठेवा. लघवीच्या नळीची त्यांना लाज वाटते, सुनेपुढं तर फारच. ते काम मुलानं, नातवानं करावं. आणि सगळा भार एका बाईवर टाकू नका. रात्री वाटून घ्या. दिंडीत वीणा सुद्धा एकाच्याच गळ्यात कायम नसतो, पहारे बदलतात.

दुखणं शमवणारी वेगळी विद्या आहे, तिला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये तो विभाग आहे, वांद्र्याला शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे, पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून आहे. तुमच्या जिल्हा रुग्णालयातही चौकशी करा. उपाय संपले असं कुणी म्हटलं, तर आजारावरचे संपले असतील. वेदनेवरचे संपलेले नसतात.

शेवटचं. कुणी विचारतं, "महाराज, पिढ्यांची वारी आहे. बाप अंथरुणावर. यंदा चुकली तर?" वाचणाऱ्या माऊली, तुझ्याच मनात हा प्रश्न असेल तर उत्तर विटेवर उभं आहे. देव दारात आला तेव्हा पुंडलिक उठला नाही. वीट फेकली आणि म्हणाला, थांब, आईबापाची सेवा चालू आहे. देव रागावला का? कमरेवर हात ठेवून थांबला, तो अजून थांबलाच आहे. ज्या देवाकडं तू वारीला जाणार, तो सेवा करणाऱ्याची वाट बघण्यातच देव झाला. यंदा तुझी पंढरी त्या खाटेपाशी. रात्रीची मात्रा वेळेवर दे, हळूच कूस वळव, त्यांना चालत असेल तर कानापाशी नाम घे. ते झोपले की तूही झोप.

पांडुरंग तुझ्या हातांना बळ देवो आणि तुझ्या बापाला सुखाची झोप देवो. रामकृष्ण हरी.