चढावर कळतं

सिंगापूरच्या चांगी बिझनेस पार्कमध्ये भारतीय आयटीवाल्यांची भरपूर वर्दळ. जवळच्या तानाह मेराह कोस्ट रोडवर पहाटे सायकलपटू सुसाट जातात, पण रस्ता सपाट. देशातली सर्वांत उंच टेकडी बुकित तिमाह, तीही जेमतेम 163 मीटर!

खरा कस चढावर. फिलाडेल्फियात 1985 साली सुरू झालेल्या व्यावसायिक शर्यतीत मनायंक वस्तीतला चढ प्रसिद्ध होता. काही ठिकाणी 17 टक्के, म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना सतरा मीटर वर! हलका गिअर टाकायचा, सीट सोडून उभ्यानं पायडल हाणायचं. तेही फेरीमागून फेरी.

आपल्याकडे मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळतो.