पाठच्या भावाकडेही लक्ष असू द्या

आज पिकाविषयी नाही, घरातल्या माणसांविषयी बोलायचं आहे. 2012-13 च्या दुष्काळात आपल्या जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. वाळलेली बाग सगळ्यांना दिसते. खचलेलं मन दिसत नाही.

एखाद्या शेतकऱ्यानं आत्महत्या केली की पंचनामा होतो, मदतीचे कागद होतात, बायको-लेकरांची विचारपूस होते. ती व्हायलाच हवी. पण पाठच्या भावाला, सासरी असलेल्या बहिणीला कोण विचारतं? भावावर दोन घरांचा भार येतो. वर "मला आधी कसं कळलं नाही?" हा प्रश्न त्याला झोपू देत नाही. मंडळी, हाच प्रश्न आपण त्याला विचारू नये. कर्ज, नापिकी, दारू, दुखणं, मनाचा आजार अशी अनेक कारणं एकत्र येतात. दोष भावंडांचा नसतो.

त्याची झोप उडाली, जेवण तुटलं, कामावरचं मन उडालं, "मी नसतो तर बरं" अशी भाषा आली, तर तो आळस नव्हे, आजार असू शकतो. त्यावर उपचार आहेत. तेव्हा पुढील गोष्टी कराव्यात.

1. जवळ बसून सरळ विचारा, "जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का?" विचारल्यानं तसा विचार डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळं होतं. होय म्हणाला तर एकटं सोडू नका, लगेच दवाखान्यात न्या. 14416 या टेलिमानस क्रमांकावर रात्रंदिवस मोफत सल्ला मिळतो, मराठीतही.

2. कीटकनाशक फवारणीपुरतंच आणा. उरलेलं कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या. श्रीलंकेनं अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी घातली, त्यानंतर तिथल्या आत्महत्या निम्म्याहून कमी झाल्या.

3. भावाच्या कर्जावर तुमची सही नसेल, तुम्ही जामीन नसाल, तर ते तुमच्या वैयक्तिक अंगावर येत नाही. वारसाची जबाबदारीही मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. घाबरून कुठल्याही कागदावर सही करू नका. आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा. वारसाची नोंद तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे कळवा.

आणि शेवटचं. तेराव्यानंतर पाहुणे परततात, तेव्हाच घर खरं एकटं पडतं. पेरणीला, वेचणीला सावडीनं एक दिवस त्या भावाच्या रानात जा. काम होईल, आणि दोन शब्द बोलणंही होईल.