पत्र्याचें काम आणि विद्यावेतन

नागपूर जिल्ह्याच्या वायव्य टोकास वसलेला नरखेड तालुका शहरवासीयांस परिचित आहे तो संत्र्यांच्या बागांमुळें. आंबिया असो वा मृग, धरलेला बहार हुकला कीं बागायतदाराच्या घरीं वर्षाचा मेळ बसत नाहीं. मग मजुराच्या घराची अवस्था सांगावयासच नको. अशा घरांतील मुलानें एखादा हस्तव्यवसाय शिकावयाचें म्हटलें, तर अडचण बुद्धीची नसते. शिकून होईपर्यंत खावें काय, ही असते.

पत्रेकामाचेंच उदाहरण घ्यावें. साधें नरसाळें सपाट पत्र्यांतून घडवावयाचें, तर त्याचा शंकू उलगडल्यावर केवढा होईल, हें आधीं रेखाटावें लागतें. तोंडाचा व्यास १४ सेंटिमीटर व तिरकी उंची २१ सेंटिमीटर असेल, तर २१ सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा १२० अंशांचा, म्हणजे बरोबर एक तृतीयांश, तुकडा कापावा लागतो. शिवाय सांध्यासाठीं आणि काठ दुमडण्यासाठीं जादा पट्टी सोडावयाची. ती सोडावयास विसरलें, तर कापलेला पत्रा पुन्हां वाढत नाहीं. पुढें घडी, ठोककाम, रिव्हेट आणि झाळकाम आहेच.

हें सारें हाताला उमगतें तें कांहीं पत्रा वाया गेल्यावरच. त्या पत्र्याची किंमत सोसण्यास मालक नाखूष असला, म्हणजे मुलाच्या वांट्याला झाडलोट आणि ओझीं उचलणें येतें. कातर हातीं येण्यास वर्षें लोटतात.

१९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यानें हा भार वांटून दिला. उमेदवार आणि मालक यांच्यांत करार व्हावा. मालकानें ठराविक मुदतींत धंदा शिकवावा व दरमहा विद्यावेतन द्यावें, अशी ही व्यवस्था आहे. २०१९ च्या सुधारित नियमांनीं ३० किंवा अधिक माणसें असलेल्या आस्थापनांस उमेदवार घेणें बंधनकारक केलें, आणि विद्यावेतनाची किमान मर्यादा शिक्षणानुसार दरमहा ५,००० ते ९,००० रुपये ठरविली. दुसऱ्या वर्षीं तींत १० टक्के वाढ. नरखेड हें नागपूर–इटारसी लोहमार्गावरचें स्थानक. तेथील मुलगा हिंगणा वा बुटीबोरीच्या कारखान्यांत शिकावयास गेला, तर खोलीचें भाडें आणि खाणावळ यांची तोंडमिळवणी याच रकमेंतून करावयाची असते.

मात्र पालकांनीं दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. कायद्याच्या दृष्टीनें उमेदवार हा कामगार नसून शिकणारा आहे. म्हणून कराराची नोंदणी झाली कीं नाहीं, आणि मुलाच्या हातीं खरोखर अवजार येतें कीं नाहीं, हें विचारण्याचा संकोच करूं नये. दुसरें असें, कीं करारांत तसें कलम नसेल तर मुदत संपल्यावर नोकरी देण्याचें बंधन मालकावर नाहीं. उमेदवारीच्या भरंवशावर कर्ज काढणारें घर येथेंच फसतें.

तथापि पत्रेकामाला गांवींही गिऱ्हाईक आहे. विदर्भाच्या उन्हाळ्यांत कूलरची पेटी लागते, पावसाळ्यापूर्वीं छपराची पन्हळ बदलावी लागते, आणि धान्याला पत्र्याची कोठी हवी असते. बहार हुकलेल्या वर्षींही ज्याच्या हाताला काम राहील असा एक माणूस घरांत तयार होणें, हें त्या अल्प विद्यावेतनाचें मोल होय.