जाऊन येतो

भाषा शिकावयाची तर माणसाने दूर देशी जावे, अशी आपली एक समजूत आहे. फ्रेंच शिकणारा विद्यार्थी दक्षिण फ्रान्समधल्या तुलूझला जातो, एखाद्या म्हातारीच्या घरी खोली घेतो, सुटीच्या दिवशी आगगाडीत बसून आसपासची गावे हिंडतो आणि वर्ष संपले की जड मनाने एकेकाचा निरोप घेतो. अशी प्रवासवर्णने आपण वाचली असतील. मीही वाचली आहेत आणि ती वाचताना हेवाही केला आहे. पण मी स्वतः जी भाषा शिकलो तिच्यासाठी मला पासपोर्ट लागला नाही. एस.टी.चे तिकीट पुरले. ती भाषा कानडी, आणि ती मी शिकलो आपल्या सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यात.

मी मूळचा सातारकडचा. 1976 साली एका शिक्षणसंस्थेने मला जतच्या पूर्वभागातल्या, संखच्या बाजूच्या एका गावी माध्यमिक शाळेवर पाठविले. वय चोवीस. एस.टी.तून उतरलो तेव्हा समोर उघडा माळ, मेंढरांचे कळप आणि धुळीने भरलेला रस्ता. 1972 च्या दुष्काळाला चार वर्षे झाली होती, तरी लोकांच्या बोलण्यात तो कालच होऊन गेल्यासारखा होता. पाराजवळ बसलेल्या मंडळींना मी शाळेचा रस्ता विचारला. त्यांनी मराठीत सांगितला आणि लगेच आपसांत बोलू लागले. त्यातले एक अक्षर मला कळेना. महाराष्ट्रात असून मी परदेशात आलो की काय, असे वाटले.

ह्यात नवल काहीच नव्हते. जतच्या डफळ्यांचा मूळ अंमल विजापूरच्या आदिलशाहीतला. जत संस्थान 1948 साली विलीन झाले, 1949 मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. राज्ये बदलली, जिल्हे बदलले, पण माणसे जिथल्या तिथे राहिली आणि त्यांच्या तोंडची भाषाही राहिली. पूर्वभागात जिल्हा परिषदेच्या कानडी शाळा आहेत. घरात कानडी, बाजारात दोन्ही आणि कचेरीत मराठी, असा तिथला सरळ व्यवहार.

मला राहायला एका माळवदाच्या घरात खोली मिळाली. घरमालकीण साठीच्या पुढची. सगळे गाव तिला अव्वा म्हणे, म्हणून मीही अव्वा म्हणू लागलो. अव्वा म्हणजे आई. तिला मराठी समजे, पण बोलायची नाही. पहिल्याच संध्याकाळी ती दारात उभी राहून म्हणाली, "हाल बेकेन?"

मी मनात म्हटले, झाले! ह्या बाई मला हाल हवेत का म्हणून विचारताहेत. मी जोरजोराने मान हलवून नको नको म्हटले. तेव्हा तिचा नातू हसत हसत पुढे आला. दुसरीतला पोरगा. म्हणाला, "मास्तर, हाल म्हंजे दूध हो. आज्जी दूध पायजे का इचारतीय." त्या दिवसापासून तो पोरगा माझा पहिला गुरू झाला आणि अव्वा दुसरी.

अव्वाची शिकविण्याची रीत साधी होती. वस्तू हातात द्यायची आणि नाव सांगायचे. मी चुकलो की हसायचे, पण वस्तू मात्र परत घ्यायची नाही. ताटात तूप वाढताना ती 'तुप्प' म्हणाली, तेव्हा मला वाटले, आपलाच शब्द हिने मोडून घेतला. पुढे कळले की तूप हा शब्द आपणच कानडीकडून घेतला आहे. अण्णा, अक्का, अप्पा ही आपल्या घरातली नातीही तिकडचीच, आणि सुपारी कातरायचा अडकित्तासुद्धा. ज्या घरात मी पाहुणा म्हणून आलो होतो, त्या घरातल्या वस्तू कितीतरी पिढ्या आमच्याच घरात वापरात होत्या, असा तो प्रकार.

शाळेत मात्र माझी गोष्ट उलटी होती. मुले निबंधात 'ते भाकरी', 'ते दरवाजा' असे लिहीत आणि मी लाल शाईने वहीचे पान रंगवून काढी. दोनदोनदा समजावून पुन्हा तेच. एकदोघांना मी ढ ठरविले होते. कानडी थोडी कळू लागल्यावर उमगले की त्या भाषेत भाकरी, दरवाजा, झाड, खुर्ची ही सारी नपुंसकलिंगी. दरवाजा पुरुष का आणि खुर्ची बाई का, ह्याचे उत्तर त्या मुलांजवळ नव्हते, आणि खरे सांगायचे तर माझ्याजवळही नव्हते. मुले ढ नव्हती. ती आपल्या आईच्या व्याकरणाने मराठी लिहीत होती. पुढे मी फळ्यावर दोन्ही भाषा शेजारी मांडून शिकवू लागलो आणि लाल शाई बरीच कमी लागू लागली.

तिकडची मराठीही कानडीच्या चालीवर चालते. आपण 'घरी जातो' म्हणतो, तिथला माणूस 'घराला जातो' म्हणतो, कारण कानडीत तसे आहे. 'येतो म्हणून सांगितलं' हे वाक्य घ्या. कानडीत 'बर्तीनि अंत हेळिद'. शब्द वेगळे, पण एकाच्या जागी दुसरा ठेवीत गेले तर वाक्य तयार. ही गंमत मलाच दिसली असे नाही. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन ह्या दोन अभ्यासकांनी सांगली जिल्ह्यातल्याच एका गावाचा अभ्यास केला. लेखात त्यांनी त्या गावाला कुपवार म्हटले आहे. तिथे मराठी, कानडी आणि उर्दू शेजारी शेजारी नांदून त्यांची वाक्यरचना जवळजवळ एक झाली, पण शब्द मात्र ज्याने त्याने आपले राखले, असे त्यांनी दाखविले. 1971 साली छापलेला तो लेख जगभरचे भाषाशास्त्राचे विद्यार्थी आजही वाचतात.

रविवार आला की मी पिशवी घेऊन निघे. गुड्डापूरला दानम्मादेवीचे देऊळ आहे. बाराव्या शतकातली, बसवेश्वरांच्या काळातली ही शरणी. तिचा जन्म जत तालुक्यातल्याच उमराणीचा, असे परंपरा सांगते. यात्रेला दोन्ही राज्यांतून माणसे पायी येतात. तिथल्या मांडवात बसून हुग्गी खाताना शेजारचा माणूस कुठल्या राज्याचा, हे विचारायचे कुणाला सुचत नाही. "ऊटा आतेन्री?" म्हणजे जेवण झाले का, एवढेच विचारतात.

उमदीला गेलो तेव्हा कळले की इंचगेरी संप्रदायाचे भाऊसाहेब महाराज ह्याच गावचे. त्यांचा मठ पलीकडे विजापूर जिल्ह्यात इंचगेरीला. पुढे निंबाळला गेलो. तेव्हा ती रेल्वे मीटरगेज होती आणि गाडी रमतगमत चाले. निंबाळला गुरुदेव रानड्यांचा आश्रम आहे. रानडे जमखंडीचे, भाऊसाहेब महाराजांचे शिष्य, तत्त्वज्ञानाचे मोठे पंडित. त्यांनी महाराष्ट्रातल्या संतांवर जसे लिहिले तसेच कानडी संतांवरही. ह्या संप्रदायात दासबोधाचे वाचन नित्यनेमाचे. घरात मराठीचा शब्दही न बोलणारी माणसे समर्थांच्या ओव्या तोंडपाठ म्हणताना मी ऐकली. सज्जनगडाच्या पायथ्याकडून आलेला मी मुकाट्याने खाली बसलो.

धारवाडलाही एकदा जाऊन आलो. साधनकेरीला द. रा. बेंद्र्यांचे घर बाहेरून पाहिले. घरात मराठी बोलणारा हा माणूस कानडीचा थोर कवी झाला. कितीतरी वर्षे तो सोलापूरच्या कॉलेजात कानडी शिकवीत होता, आणि 1973 चा ज्ञानपीठ पुरस्कार त्याच्याकडे गेला. दोन भाषा एका घरात राहू शकतात, ह्याचा ह्याहून मोठा दाखला तो कोणता द्यायचा?

ह्या सगळ्या हिंडण्यात मला एक गोष्ट उशिरा कळली, ती निरोपाची. एका शनिवारी मी घाईने पिशवी उचलली आणि आपल्या नव्या कानडीची ऐट दाखवीत म्हणालो, "अव्वा, होगतीनि." म्हणजे, जातो. तिचा चेहरा एकदम उतरला. "बा तम्मा, कुंद्रु," म्हणाली. ये बाळा, बस. मला बसविले, तांब्याभर पाणी दिले, प्यायला लावले आणि मग म्हणाली, आता बोल, "होगि बर्तीनि." जाऊन येतो. मी ते म्हटल्यावर "होगि बा" म्हणाली आणि आत गेली.

मला माझी आई आठवली. आमच्याकडेही 'जातो' म्हटले तर ती रागवायची, 'येतो म्हण' म्हणायची. व्याकरण शिकलो, शब्द शिकलो, पण आईने शिकविलेले मी परभाषेत विसरून गेलो होतो. फ्रान्सच्या दक्षिण भागात म्हणे 'आद्यू' हा शब्द भेटतानाही म्हणतात आणि निघतानाही. पॅरिसकडच्या माणसाला तो कायमच्या निरोपाचा वाटतो, दक्षिणेतल्या माणसाला आपल्या रामरामासारखा. निरोपाचा शब्द पुस्तकातून शिकता येत नाही. तो कुणाच्या तरी दारात उभे राहून शिकावा लागतो.

1981 च्या जूनमध्ये माझी बदली कोरेगावला झाली. निघताना अव्वाच्या हातचे पाणी प्यालो आणि "होगि बर्तीनि" म्हणालो. ह्या वेळी चुकलो नाही. शब्द बरोबर होता.

आता जे सांगतो ते सांगताना आजही मान खाली जाते. नव्या शाळेत माझी ओळख 'कानडी येणारे मास्तर' अशी झाली होती. मीही ती मिरवीत असे. दिवाळी झाली आणि एक दिवस माझ्या नावाचे आंतर्देशीय पत्र आले. पत्ता मराठीत, मजकूर कानडीत. अव्वाचा नातू आता सातवीत होता, कानडी शाळेत. त्याने ते लिहिलेले. आणि मला ते वाचता येईना! पाच वर्षे कानडी बोललो, पण लिपी शिकलो नव्हतो. बोलून काम भागत होते, मग अक्षरे कशाला, असा आळस. कोरेगावात कानडी वाचणारे शोधले असते तर मिळालेही असते. पण विचारायचे कसे? कानडी मास्तरांना कानडी पत्र वाचता येत नाही, हे कळले असते ना! सुटीत लिपी शिकून स्वतःच वाचीन, असे म्हणून मी ते पत्र ट्रंकेत ठेवले.

मे महिन्यात मिरजेहून कानडी पहिलीचे पुस्तक आणले. आणि काय सांगू? तीच बाराखडी, तोच क ख ग घ चा क्रम. वळणे गोल, आणि ए व ओ ह्यांचे र्‍हस्व-दीर्घ प्रकार, एवढेच नवे. तीन आठवड्यांत मी अडखळत वाचू लागलो. मग ट्रंक उघडली.

पत्रात विशेष असे काही नव्हते. शेळीला दोन करडे झाली. पाऊस बरा झाला. ह्या वर्षी कार्तिक अमावास्येला गुड्डापूरला जायचे आहे, आज्जीला चालवत नाही, बैलगाडी करणार आहोत. आज्जी म्हणते, मास्तर येतो म्हणून गेला आहे, त्याला कळव, गाडीत जागा ठेवली आहे.

यात्रा होऊन सहा महिने झाले होते.

दुसऱ्या दिवशी पहाटेची एस.टी. धरली. दारात नातू भेटला. अव्वा माघात गेली होती. त्याने मला बसविले, त्याच तांब्यातून पाणी दिले. मी पत्राबद्दल सांगितले, काही न लपविता. तो पोरगा थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "आज्जीनं गाडी जरा थांबवाय लावली होती फाट्यावर. नंतर म्हणाली, कामात असंल, चला." निघताना मी "होगि बर्तीनि" म्हटले. त्यानंतर आजतागायत दर वर्षी एकदा तरी मी त्या गावाला जातो. त्या मुलाला आता नातवंडे आहेत.

2022 साली पाण्याच्या प्रश्नावरून जतच्या पूर्वभागातल्या गावांचे नाव दोन्ही राज्यांच्या वर्तमानपत्रांत गाजले. ही गावे कुणाची, ह्यावर बरेच बोलले गेले. तो वाद सोडविणारे सोडवोत. मला मात्र एवढे ठाऊक आहे की जिथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागे, तिथे निघणाऱ्या माणसाला पाणी पाजल्याशिवाय कुणी सोडीत नसे.

फेर्दिनांद किटेल नावाचा जर्मन पाद्री 1853 साली ह्या देशात आला. त्याने कानडीचा प्रचंड कोश केला, तो 1894 मध्ये मंगळूरला छापला गेला. तो समुद्रापलीकडून येऊन शिकला. आपल्याला तर नुसता ओढा ओलांडायचा आहे. माझी आपणांस विनंती एवढीच की शेजारच्या माणसाची भाषा शिका, आणि शिकाल तेव्हा अक्षरेही शिका. तीन आठवडे पुरतात. कुणी आपल्यासाठी गाडीत जागा ठेवली असेल, तर ते वेळेवर वाचता आले पाहिजे.

असो. माझी वेळ झाली. येतो आता. होगि बर्तीनि.