एक मासा, अनेक नावे



ज्यांच्या पिढ्या दर्यावर गेल्या त्यांच्यापुढे माशाविषयी बोलणे हे धाडसच होय. म्हणून मी माशापेक्षा त्याच्या नावाविषयी बोलणार आहे. जाळ्यात काय आले, याइतकेच ते वहीत कोणत्या नावाने चढले, हेही आज महत्त्वाचे झाले आहे.

स्किपजॅक टूनाचेच उदाहरण घ्या. पाठ गर्द निळी, पोट रुपेरी आणि त्यावर लांबीच्या दिशेने चार ते सहा काळसर पट्टे. त्यास वाताशय नसल्यामुळे अखंड पोहत राहणे हेच त्याचे जिणे. तो पाण्याबाहेर उसळ्या मारतो, म्हणून इंग्रजीत त्याचे नाव उडीवरून पडले. स्पॅनिश कोळ्यांनी पट्टे पाहून त्यास ‘लिस्तादो’ म्हटले. हवाई बेटांत तो ‘आकू’, सिंहलद्वीपात ‘बलया’, मालदीवात ‘कळुबिलमास’, तर जपानात ‘कात्सुओ’. आपल्या मिनिकॉय बेटावरील कोळी जिवंत आमिष पाण्यात टाकून त्याला गळाच्या काठीने उचलतात आणि उकडून, धुरी देऊन, वाळवून त्याचे ‘मासमीन’ करतात.

शास्त्रीय नावाची कथाही ऐकण्याजोगी आहे. १७५८ साली लिनिअसने यास ‘स्कोंबर पेलामिस’ म्हटले. म्हणजे बांगड्याच्या भाईबंदांत बसविले. पुढे १९१५ साली किशिनोउये या जपानी शास्त्रज्ञाने त्यासाठी स्वतंत्र प्रजाती कल्पिली आणि तिचे नाव कात्सुओ या शब्दावरून ‘कात्सुवोनस’ असे ठेवले. पुढे ‘कात्सुवोनस पेलामिस’ हे नाव रूढ झाले. प्रजाती बदलली म्हणून लिनिअसचे नाव पुढे कंसात लिहितात. बंधूंनो, कोळ्यांच्या तोंडचा शब्द अशा रीतीने शास्त्राच्या पोथीत जाऊन बसला!

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. ‘कुपा’ आणि ‘गेदर’ ही आपली नावे टूनांपैकी एकाहून अधिक माशांना लावली जातात. ‘युथिनस अफिनिस’ हा त्यांतलाच एक. त्याच्या पाठीवर तिरप्या नागमोडी रेषा असतात, छातीच्या पराखाली काळे ठिपके असतात. परंतु पोटावर पट्टे नसतात. शिवाय पिवळ्या पराच्या टूनाची लहान पिल्ले स्किपजॅकच्याच थव्यात हिंडतात. बाजारात हे सारे एका नावाने खपले तर गिऱ्हाइकाचे फारसे बिघडत नाही. पण वहीत एका नावाने चढले, तर कोणता मासा घटत आहे हे कोणासही कळणार नाही. हिंदी महासागर टूना आयोगाने २०१६ साली पिवळ्या पराच्या टूनाचा साठा सावरण्याची योजना स्वीकारली आणि स्किपजॅकसाठी त्याच वर्षी निराळा नियम केला. दोन माशांना दोन नियम असता नाव मात्र एकच राहिले, तर पिल्लांची हानी झाकली जाईल आणि उद्या आपल्याच मुलांची जाळी रिकामी येतील.

याचा अर्थ आपली नावे टाकावीत असा मुळीच नव्हे. त्यांत आपल्या वाडवडिलांची नजर साठली आहे. माझी विनंती एवढीच की, आपल्या सोसायट्यांच्या वह्यांत आपले नाव, शेजारी शास्त्रीय नाव आणि ओळखीची खूण अशी तीन सदरे असावीत. शिकलेल्या मुलांनी शास्त्रीय नाव लिहावे आणि वडीलधाऱ्यांनी त्यांना खूण दाखवावी. दोघांनी मिळून लिहिलेली वही हीच पुढील पिढीची खरी ठेव होईल.