शिसे आणि आपले कामगार बांधव

(संस्थेच्या बुद्ध पौर्णिमा कार्यक्रमात केलेले भाषण)



आम्ही डॉक्टर नाही. तरीही या विषयावर बोलावेसे वाटले, कारण आपल्या वस्तीतील काही तरुण जुन्या बॅटऱ्या फोडण्याच्या व शिसे वितळविण्याच्या कामावर जातात. त्यांपैकी एकाचे पोट वर्षभर दुखत होते. पित्ताच्या गोळ्या झाल्या, देवऋषीही झाला (बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात, हे खेदाने सांगावे लागते). काम काय करतोस, हे मात्र त्याला कोणी विचारले नाही. आम्हीही नाही.

शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. भट्टी त्याहून बरीच तापली की त्याची वाफ सुटते आणि ती श्वासातून आत जाते. प्लेटांची धूळ हाताला लागून तंबाखूबरोबर, भाकरीबरोबर पोटात जाते. पुढे हे शिसे हाडांत वर्षानुवर्षे ठाण मांडते. पोटदुखी, बद्धकोष्ठ, रक्तक्षय, मनगट लुळे पडणे ही त्याची लक्षणे. परंतु ती दिसण्याआधीच रक्तदाब व मूत्रपिंडावर परिणाम झालेला असू शकतो. माणूस धडधाकट दिसतो म्हणून धोका नाही, असे ठरविता येत नाही.

मग धोका मोजावा कसा? कारखाना कायद्यात १९८७ च्या दुरुस्तीने एक घनमीटर हवेत ०.१५ मिलिग्रॅम शिसे ही मर्यादा आली. पण हवेच्या मोजणीत तंबाखू मळणारा हात येत नाही. म्हणून रक्त तपासावे लागते, तेही शिरेतून काढलेले. बोटाच्या कातडीवरचे शिसे मिसळले तर आकडा फसवा येतो. महिनाभर गावी राहून आलेल्याचा आकडाही कमी दिसतो. १०० मिलिलीटर रक्तात ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसे आढळल्यास ते कोठून येते हे शोधून थांबवावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितले.

अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९१० मध्ये डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी हीच पाहणी केली. त्या कारखान्यात गेल्याच, शिवाय इस्पितळांच्या नोंदी चाळल्या, कामगारांच्या घरी गेल्या. घरी जाणे आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. कामाचे कपडे घरात झटकले जातात आणि गिळलेले शिसे लहान मुलांच्या अंगात मोठ्यांपेक्षा अधिक प्रमाणात शोषले जाते.

एक भीती मात्र मनात आहे. तपासणीत आकडा वाढलेला दिसला की त्या मुलाला घरी बसवायचे आणि त्याच भट्टीवर दुसरा उभा करायचा, असे घडू शकते. मग तपासणी कोण करून घेईल? १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात पहिलेच नाव शिशाच्या विषबाधेचे होते आणि असा रोगी आढळल्यास डॉक्टरने मुख्य कारखाना निरीक्षकांना कळविणे बंधनकारक होते. बाबासाहेब मजूर सदस्य असताना, १९४३ मध्ये, कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. अडारकरांकडे सोपविले गेले. पण पत्र्याच्या शेडमधल्या पोराजवळ विम्याचे कार्ड कुठले?

तथागतांनी उपासकाला वर्ज्य सांगितलेल्या पाच व्यापारांत विषाचा व्यापार आहे. ही मुले विष विकत नाहीत, पोटासाठी अंगावर घेतात.

विद्यार्थ्यांना विनंती, येत्या रविवारी वंदनेनंतर वही घेऊन थांबावे. घरोघर चार प्रश्न विचारायचे आहेत: काम कोणते, किती वर्षे, जेवण कुठे करता, कपडे कुठे धुता. मालकाचे नाव विचारू नये.